जुळे सोलापुरातला मातीकामाचा स्टुडिओ: शिकवणारे कुठून आलेत ते बघून बॅच घ्या

सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागातल्या मातीकामाच्या स्टुडिओत मी जाते हे कळल्यापासून बरेच जण चौकशी करतात. फी किती, मुलीला घालू का, कपडे फार खराब होतात का. शिकवणारे कोण आहेत, ते स्वतः कुठं शिकले, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही. माझ्या मते चौकशी तिथूनच सुरू करावी. इथं चौघं शिकवतात आणि चौघांची घडण इतकी वेगळी आहे की तुम्ही कुणाच्या बॅचला बसता त्यावर तुमचं पहिलं वर्ष कसं जाणार ते ठरतं.

याआधी दुसऱ्या एका शहरात मी शनिवार-रविवारची कार्यशाळा केली होती. शिकवणारा मुलगा बोलायला छान होता, पण माझं भांडं चाकावर डगमगलं की माझे हात बाजूला सारून स्वतःच उभं करून द्यायचा. घरी आणलेला मग त्याचाच होता, नाव माझं. दुसऱ्याच्या हाताला नेमकं काय होतंय हे त्याला ओळखता येत नव्हतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझं दिवसभराचं काम तेच आहे, त्यामुळे ही उणीव मला लगेच खुपते. सोलापूरच्या स्टुडिओत चौघांपैकी एकानंही आजवर माझ्या हातातून माती काढून घेतलेली नाही.

आधी काकांबद्दल. स्टुडिओच्या दारात शिक्षकांच्या माहितीचा फलक आहे, त्यावर काकांच्या नावापुढं 'पारंपरिक कुंभार' एवढे दोनच शब्द आहेत. खाली ताईंच्या नावापुढं चार ओळी. काकांचं शिक्षण दोन शब्दांत बसवणं मला पटत नाही, म्हणून इथं नीट सांगते.

काका अक्कलकोट रस्त्याकडच्या एका खेड्यातले. घरात कानडी, बाहेर मराठी. लहानपणी त्यांच्याकडं काम होतं माती चाळायचं, खडे वेचायचे आणि पायानं चिखल तुडवायचा. चाकावर बसायला मिळालं ते बऱ्याच वर्षांनी. त्या वेळी चाक म्हणजे काठीनं फिरवायचं जड चाक, गती कमी होत आली की पुन्हा काठी घालायची. म्हणजे गती संपायच्या आत भांडं उतरलं पाहिजे. काकांच्या हातात उगाच फिरवाफिरव नाही, ती तिथून आली. आता विजेच्या चाकावर बसतात तरी तीन-चार हालचालींत भांडं संपवतात, आणि आम्ही दहाव्यांदा कड नीट करायला लागलो की म्हणतात, "पुरे की ताई. किती लाड करताय तिचे, बसेल ती खाली."

त्यांचा अभ्यासक्रम म्हणजे सणांचं वर्ष. संक्रांतीच्या आधी सुगडं, उन्हाळ्यासाठी माठ आणि रांजण, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या. गंमत नव्हती ती, घर त्यावर चालायचं. शेकड्यानं सुगडं करायची तर प्रत्येक सुगडासाठी वेगळा गोळा घेऊन तो चाकाच्या बरोबर मध्यावर आणत बसणं परवडत नाही. म्हणून कुंभार मोठा ढीग चाकावर ठेवतो आणि त्याच्या फक्त शेंड्यातून एकेक भांडं काढत जातो. काका नवख्यांना हेच आधी शिकवतात. मला वाटतं, या स्टुडिओतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. किलोभर माती एकदम मध्यावर आणायला नवख्या माणसाचे खांदे कानाला लागतात. काका सांगतात, खालचं हलू दे, वरची मूठभर माती तेवढी सांभाळा. मूठभर माती कुणालाही सांभाळता येते. माझ्या बॅचमधल्या सत्तरीच्या आजींनी पहिल्याच तासाला पणती उतरवली.

एक सुगड उतरताना जवळून बघा. ओला अंगठा शेंड्यात उतरतो, पण तळाशी जात नाही, बोटभर आधीच थांबतो. मग आतला अंगठा आणि बाहेरची दोन बोटं यांच्या चिमटीत भिंत वर येते. काकांचं मनगट या सगळ्यात वळत नाही. कोपर मांडीवर टेकलेलं, हालचाल खांद्यातून, बोटं जवळजवळ स्थिर. मग मानेपाशी तर्जनी किंचित आत दाबली की गळा तयार, ओल्या चिंधीनं कड एकदा धरली की ओठ तयार. खाली दोऱ्याचा एक वेढा, ओढला, आणि सुगड फळीवर. माझ्याकडं मनगट दुखतं म्हणून येणाऱ्या पेशंटना मी जे महिनोन् महिने सांगते ते या माणसानं कुणी न सांगता अंगात मुरवलंय. मी त्यांना विचारलं, पाठ दुखत नाही का? म्हणाले, "दुखती की. पण चाकामुळं न्हाई. वीटभट्टीवर होतो नव्हं सहा वर्षं, तिथं गेली पाठ." घरोघरी फ्रिज आले, माठ खपेनात, तेव्हा ते वीटभट्टीवर जात होते. हेही त्यांच्या शिक्षणात धरायला हवं असं मला वाटतं. पाचट, लाकूड, कोळसा, कुठला जाळ किती टिकतो आणि वारा फिरला की भट्टीच्या कुठल्या बाजूचा माल कच्चा राहतो, हे ते तिथं आणि घरच्या आव्यात, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीत, शिकले.

आपली काळी माती एकटीच वापरली तर का फुटते हेही त्यांच्याकडून नीट कळलं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आक्रसते. शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात, तेच मडक्याला होतं. म्हणून तळ्याचा गाळ, बारीक रेती, राख, लीद असं काय काय मिसळून तिचा हट्ट कमी करायचा. लीद आणि राखेनं नुसतं फुटणं थांबत नाही. लीद भाजताना जळून जाते, मागं बारीक छिद्रं राहतात, त्या छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर वाळतं आणि माठातलं पाणी गार होतं. आपल्या एप्रिल-मेच्या चाळीस-चव्वेचाळीस अंशांत हे कळायला विज्ञानाचं पुस्तक लागत नाही, पण काकांनी ते भांडं फोडून, छिद्रं भिंगातून दाखवून सांगितलं तेव्हा वर्गातली शाळकरी मुलं जागची हलली नव्हती.

आता काकू. फलकावर त्यांचं नावच नाही, आणि ही माझी या स्टुडिओबद्दलची सर्वांत मोठी तक्रार आहे. काकू शनिवारी येतात. स्टुडिओत वापरली जाणारी सगळी स्थानिक माती त्या तयार करतात: भिजवणं, गाळणं, फडक्यावर पसरणं, मळणं. त्यांनी मळलेली माती भाकरीच्या पिठासारखी एकजीव असते, तारेनं कापली तर हवेचा एक बुडबुडा दिसत नाही. आपल्याकडं बऱ्याच कुंभार घरांत बायका चाकाला हात लावत नाहीत, चाक पुरुषांचं. पण माठाचा गोल तळ चाकावर होतच नाही. चाकावरून जाड, बेढब भांडं उतरतं, ते थोडं सुकलं की आतून दगडाचा गुळगुळीत गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीनं ठोकत ठोकत भिंत पातळ करायची, पोट मोठं करायचं, तळ मिटवायचा. हे निम्मं काम काकूंचं. आतला हात आणि बाहेरचा हात एकमेकांना न बघता एकाच जागी भेटले पाहिजेत. मेंदूच्या आजारातून सावरणाऱ्या माणसांकडून दोन्ही हातांचा मेळ बसवून घेताना आम्ही जे व्यायाम देतो, त्यांपेक्षा हे कितीतरी अवघड आहे, आणि काकू ते बोलता बोलता करतात.

शिकवण्यात काकू थोड्या अबोल. चुकलं की थापीचा आवाज ऐकायला लावतात. जिथं भिंत जाड आहे तिथं आवाज दबका, पातळ आहे तिथं मोकळा. शनिवारची ही बॅच जवळपास रिकामी असते, कारण त्यात चाक नाही आणि लोकांना चाकावरचा फोटो हवा असतो. ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी ही बॅच चुकवू नये. सलग चाकावर बसणं जमत नाही, गुडघे किंवा कंबर दुखते, त्यांना तर मी हीच सुचवीन; टेबलाशी उभं राहून करता येते.

ताईंची गोष्ट अगदी वेगळी. त्या मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये सिरॅमिक शिकल्या. ही संस्था १८५७ ची, आणि तिथं एकोणिसाव्या शतकातच मातीकामाचं शिक्षण सुरू झालं होतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पुढं त्या पाँडिचेरीला गेल्या. तिथं रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या दोघांनी १९७१ साली गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि आज देशभर उच्च तापमानाच्या भट्टीवर काम करणारे कितीतरी जण त्या परंपरेतून तयार झाले. ताई त्या परंपरेतल्या एका कुंभारकामवालीच्या हाताखाली दोन वर्षं होत्या. पहिलं वर्ष माती मळणं, फळ्या धुणं आणि भट्टीला राखण बसणं यातच गेलं असं त्या मोकळेपणानं सांगतात. म्हणजे काकांचं लहानपण आणि ताईंची उमेदवारी यांत वाटतो तेवढा फरक नाही.

ताईंकडं प्रत्येक गोळा वजन करून घ्यायचा. पाचशे ग्रॅमचे सहा गोळे, सहा सारखे पेले. आणि त्यांतला तुम्हाला सगळ्यात आवडलेला पेला त्या तारेनं उभा चिरायला लावतात. तुम्हीच चिरायचा. दोन तुकडे झाले की भिंतीचा छेद दिसतो: खाली जाड, मध्ये पातळ, वर पुन्हा जाड. आपल्या हाताचा दाब कुठं सुटतो ते त्या एका छेदात कागदावर काढल्यासारखं समोर येतं. वर्गात काही जणी हळहळतात, एकीनं तर पेला चिरायला साफ नकार दिला. पण माझी भिंत सरळ झाली ती या चिरण्यानंच.

काका आणि ताई यांच्यात एका गोष्टीवर कायम वाद. ढिगाऱ्यावरून काढलेल्या भांड्याच्या तळाला वाळताना इंग्रजी एस अक्षरासारखी भेग पडते, कारण तळाची माती नीट दाबली गेलेली नसते. ताई म्हणतात, आधी तळ दाबायची सवय लागू दे, मग ढीग. काका म्हणतात, आधी भांडं उभं राहिल्याचा आनंद होऊ दे, मग तळ. माझं मत काकांच्या बाजूचं आहे. मन रमलं तर माणूस तळ दाबायला शिकतो. पहिल्या महिन्यात हिरमुसला तर येणंच बंद करतो. मात्र दोघांच्या बॅच एकाच वेळी घेऊ नका. पहिले दोन-तीन महिने एकाच्याच हाताखाली काढा. नाहीतर एक हात एकाचं ऐकतो आणि दुसरा दुसऱ्याचं.

ताईंच्या बॅचबद्दल एक अडचण सांगायलाच हवी. गर्दी फार आहे. चाकं पाच आणि माणसं त्याच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे अर्धा वेळ वाट बघण्यात जातो. फलकावरच्या चार ओळी वाचून सगळे तिकडंच नाव घालतात.

चौथे मास्तर. सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू. आयुष्य टॉवेल-चादरींच्या डाय हाऊसमध्ये, म्हणजे रंगवायच्या कारखान्यात गेलं. सोलापूरच्या माणसाला डाय मास्तर म्हणजे काय हे सांगायला नको. गिऱ्हाइकाच्या कापडाच्या तुकड्याशी रंग जुळेपर्यंत लॅब डिप, म्हणजे छोटे नमुने रंगवून काढत राहायचं, अर्धा टक्का इकडं, पाव टक्का तिकडं. निवृत्तीनंतर ते खुर्जाला केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेच्या केंद्रात छोटं प्रशिक्षण घेऊन आले आणि स्टुडिओच्या ग्लेझचं, म्हणजे भांड्यांवरच्या चकचकीत थराचं, सगळं काम त्यांनी अंगावर घेतलं. स्वतः चाकावर बसत नाहीत. पण तुम्हाला रंग समजून घ्यायचा असेल तर यांच्यासारखा शिक्षक मिळणार नाही.

त्यांच्या खोलीत भिंतभर छोट्या चकत्या टांगल्यात, अगदी शेड कार्ड. प्रत्येक चकतीमागं लोखंडी पेन्सिलीनं लिहिलेलं: कुठलं मिश्रण, किती टक्के लोहभस्म, किती कोबाल्ट, भट्टीत वरच्या फळीवर की खालच्या. ग्लेझ म्हणजे मुळात काच. सिलिका काच बनवते, ती लवकर वितळावी म्हणून फेल्डस्पार, खडूसारखे पदार्थ, आणि वितळून ओघळू नये म्हणून चिनी माती. मास्तर हे तीन वाटीत तीन पुड्या ठेवून शिकवतात. कापड रंगवताना रंग ओला असतानाच साधारण कळतो. इथं मात्र भट्टीत जाणारा करडा-गुलाबी लगदा बाहेर निळा होऊन येतो, म्हणून चकती भाजल्याशिवाय मास्तर कुणालाही भांड्यावर ग्लेझ लावू देत नाहीत. उतावळ्या लोकांना याचा राग येतो. येऊ दे.

त्यांचं सर्वांत सुंदर काम म्हणजे काकांच्या गाळाचं ग्लेझ. स्थानिक मातीची भांडी सातशे-आठशे अंशांत भाजली जातात. तीच माती स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त तापमानात भाजायच्या टणक भांड्यांच्या, बाराशे तीसच्या आसपासच्या भट्टीत घातली तर भांडं बसतं, वितळतं, कारण तिच्यात लोह आणि माती वितळवणारे इतर पदार्थ भरपूर. ताईंनी म्हणून ती स्टोनवेअरसाठी बाजूला ठेवली होती. मास्तर म्हणाले, वितळते ना, मग तिला ग्लेझच करूया. गाळ वस्त्रगाळ केला, थोडा फेल्डस्पार घातला, चकत्यांमागून चकत्या काढल्या. आता स्टुडिओच्या पेल्यांवर जो गडद तपकिरी, कडेला मधासारखा पिवळसर होणारा रंग दिसतो तो आपल्याच तळ्याच्या गाळाचा आहे. काकांनी ओळखलेली माती, मास्तरांचा तराजू आणि ताईंचा पेला, तिन्ही त्यात आहेत. दुकानातून आणलेल्या तयार ग्लेझच्या डब्यापेक्षा मला हा रंग कितीतरी जास्त प्रिय आहे.

डाय हाऊसमधून मास्तरांनी आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे छातीची काळजी. सुकी माती आणि ग्लेझची पूड यांत सिलिकाची धूळ असते, ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर कायमचं नुकसान करते. इथं झाडू मारायला बंदी आहे, ओल्या फडक्यानंच पुसायचं, आणि पूड मोजताना मास्क हवाच. अनेक ठिकाणी हे पाळलं जात नाही. खाण्यापिण्याच्या भांड्यांवर शिसं असलेलं काहीही ते वापरत नाहीत, आणि तांब्याच्या हिरव्या ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवून बघतात. सकाळी तिथला रंग उतरलेला दिसला तर ते भांडं फक्त शोभेचं. आपल्याकडं लोणचं, चिंचेचं सार, ताक सगळंच आंबट, त्यामुळे ही परीक्षा मुलांच्या डब्याआधी व्हायलाच हवी.

भट्टीबद्दल थोडं. विजेची आहे आणि महिन्यातून दोनदा लागते. पाचशे त्र्याहत्तर अंशांपाशी मातीतल्या गारगोटीचे कण एकदम फुगतात, म्हणून त्या टप्प्यात मास्तर चढतानाही आणि उतरतानाही घाई करू देत नाहीत. वीज गेली की सगळं वेळापत्रक लांबतं. ओल्यापासून पक्क्यापर्यंत स्टोनवेअर साधारण बारा टक्के आटतं, तेव्हा चहाचा पेला हवा असेल तर चाकावर मोठाच करा.

आता फलकाकडं परत यायला हवं. ज्या शहराची सगळ्यात मोठी यात्रा कुंभारकन्येच्या लग्नाची आहे, त्या शहरात हे मला फार लागतं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांवर मन जडलेल्या कुंभाराच्या मुलीचं त्यांच्या योगदंडाशी लग्न लागलं अशी कथा, आणि दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांसमोर संमती कट्ट्यावर आपण लाखभर माणसं त्याच लग्नाच्या अक्षता टाकतो. गड्डा म्हणतात त्या यात्रेच्या दिवसांत काका-काकूंची बॅच बंद असते, ते यात्रेत असतात. मग स्टुडिओच्या दारात काकूंचं नाव का नसावं? मी व्यवस्थापन समितीला लेखी दिलंय: काकांपुढं ते कुणाकडं शिकले, काय काय घडवत आले, कुठली माती आणि कुठला आवा त्यांना येतो हे चार ओळींत लिहा, काकूंचं नाव माती आणि थापीकामासाठी स्वतंत्र घाला, आणि चौघांचं तासाचं मानधन सारखं आहे का ते सभासदांना सांगा. पुढच्या बैठकीत विषय घेऊ असं उत्तर आलंय. तुम्ही सभासद झालात तर या मागणीला पाठिंबा द्या ही विनंती.

फी महिन्याला बावीसशे रुपये, आठवड्यातून दोन दिवस. भाजणीचे पैसे वजनावर वेगळे. माती फीमध्येच, पण स्टोनवेअरची पोती बाहेरून येतात म्हणून मोठं काम करणाऱ्यांना जास्तीचे पैसे पडतात. बसायची स्टुलं फार बुटकी आहेत. उंच माणसांनी खाली दोन विटा घालून घ्याव्यात, मी तसंच करते. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे टाकीतलं पाणी जपून वापरायचा नियम आहे आणि चिखलाचं पाणी बादलीत साठवून पुन्हा मातीतच जातं. नखं कापून या, जुना सोलापुरी टॉवेल आणा, उन्हाळ्यात झाकायला ओलं फडकं आणि प्लॅस्टिक दोन्ही आणा, नाहीतर तासाभरात कड वाळते आणि चिरते.

मुलांना आणि ज्येष्ठांना काकांची मंगळवार-गुरुवारची संध्याकाळची बॅच. ज्यांना पुढं हेच काम करायचंय त्यांनी ती केल्यावर ताईंकडं जावं. रंगाची आवड असेल तर मास्तरांची रविवार सकाळ. आणि कुठलीही घेतली तरी महिन्यातला एखादा शनिवार काकूंसाठी ठेवा. सुगडं स्वतः करायची असतील तर नाव डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच नोंदवा. वाळायला आणि आव्यात जायला तेवढा वेळ लागतोच.